सूचीचे अनुक्रमांक मधूनच पुन्हा १ पासून : इनडिझाइन, तीन लिप्या, एकच क्रम

साखरपेठ_डीटीपी (प्रश्न)

इनडिझाइन (पानं लावायचं सॉफ्टवेअर) २०२३, विंडोज. एका सार्वजनिक ग्रंथालयाची छापील ग्रंथसूची लावतोय. पुस्तकाचा आकार डेमी १/८, पानात दोन रकाने, मजकूर ९ पॉइंट, ओळ १२ पॉइंटवर. सोलापूरचंच ग्रंथालय, त्यामुळे तीन विभाग आहेत : मराठी ११६२ नोंदी, कन्नड ४८८, तेलुगू ४२६. अनुक्रमांक मात्र सलग हवाय, १ ते २०७६. मराठी आमच्याकडेच युनिकोडमध्ये बसवलंय, कन्नड आणि तेलुगू दुसरे ऑपरेटर त्यांच्या मशीनवर लावून देणार आहेत.

अडचणी अशा :

१. प्रत्येक विषयाच्या मथळ्यानंतर (कादंबरी, कविता, चरित्र...) क्रमांक पुन्हा १ वर येतो.
२. वर्डमधून आणलेल्या काही नोंदी मथळा नसतानाही मधूनच १ पासून सुरू होतात. हाताने ‘कंटिन्यू’ केलं की पुढच्या ठिकाणी तेच.
३. कन्नड विभाग ११६३ पासून सुरू कसा करायचा? ‘स्टार्ट अॅट ११६३’ टाकलं तर चालतं, पण मराठीत एक नोंद वाढली की सगळं चुकणार.
४. क्रमांक इंग्रजी आकड्यांत उमटतात. आमच्या जुन्या श्री-लिपीतल्या (युनिकोडआधीच्या फाँटांतल्या) फायलींत मराठी आकडे आपोआप यायचे.
५. ९ चे १० आणि ९९९ चे १००० झाले की नोंदीचा मजकूर उजवीकडे सरकतो.
६. सुरुवातीच्या आठ पानांना ‘पाच’, ‘सहा’ असे अक्षरी पृष्ठांक हवेत, मुख्य सूची पृष्ठ १ पासून.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी छापून द्यायचंय. सगळ्याची उत्तरं नसली तरी पहिल्या तिन्हींची तरी द्या.

---

जुळारी

तुमच्या पहिल्या तीन अडचणींचं मूळ एकच आहे. इनडिझाइनमध्ये क्रमांकाची मोजणी स्टाइल करत नाही, ‘लिस्ट’ करते. तुम्ही स्टाइल बनवली पण लिस्ट बहुधा ‘डीफॉल्ट’च ठेवली. डीफॉल्ट लिस्ट एका स्टोरीपुरती असते, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या फ्रेम्सपुरती. साखळी तुटली की मोजणी संपली.

आधी लिस्ट बनवा. ‘टाइप’ मेनू → ‘बुलेटेड अँड नंबर्ड लिस्ट्स’ → ‘डिफाइन लिस्ट्स’ → ‘न्यू’. नाव द्या, समजा ‘सूचीक्रम’. खाली दोन चौकटी आहेत : ‘कंटिन्यू नंबर्स अक्रॉस स्टोरीज’ आणि ‘कंटिन्यू नंबर्स फ्रॉम प्रीव्हियस डॉक्युमेंट इन बुक’. दोन्हींवर खूण करा. मग नोंदीच्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये ‘बुलेट्स अँड नंबरिंग’ उघडून ‘लिस्ट टाइप : नंबर्स’, ‘लिस्ट : सूचीक्रम’, ‘मोड : कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस नंबर’. ‘स्टार्ट अॅट’ला कुठेही हात लावू नका, पहिल्या नोंदीलासुद्धा नको. क्रम आपोआप १ पासूनच सुरू होतो.

मथळ्यानंतर १ येतो याचा अर्थ विषयाचे मथळेही तुम्ही त्याच लिस्टमध्ये लेव्हल १ वर ठेवलेत आणि नोंदी लेव्हल २ वर. लेव्हल २ ची मूळ सेटिंगच अशी असते की वरच्या लेव्हलचा पॅरा आला की मोजणी नव्याने सुरू व्हावी. नोंदीच्या स्टाइलमधल्या ‘रीस्टार्ट नंबर्स अॅट धिस लेव्हल आफ्टर’वरची खूण काढा, मोजणी सरळ चालेल. त्याहून बरं म्हणजे मथळ्यांना क्रमांक नकोच असेल तर त्यांच्या स्टाइलमध्ये ‘लिस्ट टाइप : नन’ करा. हवाच असेल तर ‘विषयक्रम’ अशी वेगळी लिस्ट द्या. दोन गोष्टी एका लिस्टमध्ये कोंबायचं कारण नाही.

वर्डच्या नोंदींचं दुखणं निराळं. वर्डमधला क्रमांक लागलेला मजकूर ‘प्लेस’ केला की त्याच्याबरोबर वर्डच्या लिस्टही येतात, आणि फाइलमध्ये जितके वेगळे तुकडे तितक्या लिस्ट. अशा नोंदीवर कर्सर ठेवून पॅराग्राफ स्टाइल्स पॅनेलमध्ये पाहा, स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसेल. म्हणजे स्टाइल तुमची, पण मोजणी वर्डच्या लिस्टची. ‘नोंद’ स्टाइलच्या नावावर आल्ट दाबून क्लिक करा, ओव्हरराइड (स्टाइलवर वरून लागलेले बदल) साफ होतील. तसं करताना तिरपे-ठळक जाणार असतील तर आधी त्यांना कॅरेक्टर स्टाइल लावून घ्या, कारण आल्ट-क्लिकमध्ये कॅरेक्टर स्टाइल टिकते आणि नुसतं ठळक केलेलं जातं. पुढच्या खेपेस प्लेस करताना ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’ चालू ठेवा आणि क्रमांक वर्डमध्येच काढून टाकून मजकूर मागा. सगळ्यात स्वच्छ मार्ग तोच.

बाकीचं रात्री लिहितो, प्लेट निघायची आहे.

---

रकाना

मधेच बोलतो. दाखल क्रमांक आणि अनुक्रमांक दोन्ही सूचीत असतील ना? दाखल क्रमांक कधीही ऑटो करू नका. तो नोंदवहीतला आहे, पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला आहे. तो एक्सेलमधून जसाच्या तसा आला पाहिजे. अनुक्रमांक तेवढा लिस्टवर.

आणि माझं मत विचाराल तर अनुक्रमांकही एक्सेलमध्येच द्यावा. शेवटी लेखकसूची लागणार, ‘अमुक लेखक : ४१, ३०७, ९१२’ अशी. इनडिझाइनचं इंडेक्स पृष्ठांक देतं, नोंद क्रमांक देत नाही. दोन हजार नोंदींना क्रॉस-रेफरन्स कोण लावत बसणार? एक्सेलमध्ये क्रमांक असेल तर लेखकाच्या नावाने ‘फिल्टर’ आणि ‘टेक्स्टजॉइन’ लावून लेखकसूची काही मिनिटांत निघते.

मराठी आकडे तिथेही येतात. सेलच्या ‘कस्टम’ फॉरमॅटमध्ये [$-4000439]0 टाकलं की सेलमधला आकडा तोच राहतो, दिसतो मात्र देवनागरीत. फाइल ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून सेव्ह करा. दिसतो तसा मजकूर जातो. डेटा मर्जला (फाइलमधल्या ओळी पानात आपोआप भरणारी इनडिझाइनची सोय) हीच फाइल द्या. नुसत्या सीएसव्हीत देवनागरीची अक्षरं प्रश्नचिन्हं होऊन येतात.

---

साखरपेठ_डीटीपी

जुळारीदादा, लिस्ट बनवली, मथळ्यांना ‘नन’ केलं, मराठीत १ ते ११६२ सरळ आले. वर्डच्या जागी आल्ट-क्लिकनेच काम झालं. रकाना यांचं लेखकसूचीचं म्हणणं पटतंय, पण प्रुफं अजून चालू आहेत. ग्रंथपाल रोज दोन-चार नोंदी वाढवतात, दोन काढतात. रोज एक्सेलमधून नव्याने मर्ज करत बसायचं का?

---

जुळारी

अजिबात नाही. मर्ज पुन्हा केला की प्रुफात केलेल्या सगळ्या दुरुस्त्या गेल्या. आणि ‘मल्टिपल रेकॉर्ड्स’ लावून मर्ज केलात तर प्रत्येक नोंद स्वतंत्र फ्रेममध्ये बसते. दोन हजार सुट्या फ्रेम म्हणजे नोंद वाढली की पुढचं सगळं हाताने सरकवा. शिवाय एका पानावरच्या न जोडलेल्या फ्रेम्सना इनडिझाइन क्रमांक देतं ते फ्रेम वर आहे की खाली यावरून देत नाही, कोणती आधी तयार झाली यावरून देतं. डावीकडच्या रकान्यात १८ आणि त्याच्या वर १९ असला प्रकार दिसला तर कारण हेच. फ्रेम कट करून क्रमाने ‘पेस्ट इन प्लेस’ केल्या की सुधारतं, पण सूचीसारख्या कामात एकच लांब साखळी ठेवावी. सुट्या फ्रेम जाहिरातींसाठी.

रकाना यांचं म्हणणं खरं आहे, फक्त ते शेवटचं काम आहे. प्रुफं चालू असेपर्यंत लिस्टचा क्रमांक. ग्रंथपालांनी शेवटच्या प्रुफावर सही केली की त्या क्रमाने एक्सेलच्या ओळी लावा, क्रमांकाचा रकाना १ ते २०७६ भरा, आणि दोन्हीकडचे शे-दोनशे क्रमांक मधूनमधून पडताळा. जुळले की लेखकसूची एक्सेलमधून काढा. त्या दिवशी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि त्या प्रतीत ‘कन्व्हर्ट नंबरिंग टू टेक्स्ट’ करा. मूळ फाइल तशीच जिवंत राहू द्या, पुढच्या पुरवणीला लागेल.

सही झाल्यावर एखादी नोंद राहिली म्हणून फोन येतोच. तेव्हा सगळे क्रमांक सरकवायचे नाहीत. ‘नोंद-विनाक्रमांक’ अशी स्टाइल बनवा, इंडेंट तोच पण लिस्ट नाही, आणि क्रमांक हाताने ‘४१२ अ’ असा टाइप करा. मोजणीला धक्का लागत नाही, लेखकसूचीही शाबूत राहते.

नोंदीत कुठे ‘पाहा क्र. अमुक’ असेल तर तेवढ्या ठिकाणी क्रॉस-रेफरन्स लावा, फॉरमॅट ‘पॅराग्राफ नंबर’. दहा-वीस ठिकाणी असेल तर परवडतं. नोंदी वाढल्या की पॅनेलमध्ये अपडेट करायचं विसरू नका.

आता आकडे. जुन्या फाँटात मराठी आकडे ‘आपोआप’ येत नव्हते. तिथे इंग्रजी एकच्या जागी १ चं चित्र बसवलेलं असतं. सॉफ्टवेअरच्या लेखी तो इंग्रजी आकडाच. युनिकोड फाँटात १ ची जागा वेगळी आहे, लिस्ट मात्र इंग्रजी आकडाच पाठवते. दोन उपाय :

सोपा : ‘क्रमांक’ नावाची कॅरेक्टर स्टाइल करा, तिला तुमचा जुना फाँट द्या, आणि बुलेट्स अँड नंबरिंगमधल्या ‘कॅरेक्टर स्टाइल’च्या खान्यात ती निवडा. फाँट आधी पारखून घ्या : इंग्रजी एक ते शून्य टाइप करा, पुढे पूर्णविराम आणि कंस टाका. काही जुन्या फाँटांत कंसाच्या जागी भलतंच अक्षर असतं. जुन्या फाँटाचे आकडे युनिकोडच्या मजकुराशेजारी लहान-मोठे दिसतात, आकारमान अर्धा-पाऊण पॉइंट कमीजास्त करून जुळवा. तोटा एकच, पीडीएफमध्ये शोधताना ते इंग्रजी आकडेच राहतात. कागदावर फरक नाही.

पक्का : कम्पोझर (ओळी जुळवणारी सेटिंग) ‘वर्ल्ड-रेडी’ ठेवा आणि कॅरेक्टर स्टाइलचा ‘डिजिट्स टाइप’ गुणधर्म ‘देवनागरी डिजिट्स’ करा. इंग्रजी आवृत्तीच्या पॅनेलमध्ये तो पर्याय दिसत नाही, स्क्रिप्टने लावता येतो. स्क्रिप्ट लिहिणारा ओळखीचा असेल तर एका ओळीचं काम आहे. आणि कुठे ‘हिंदी’ नावाचा आकड्यांचा पर्याय दिसला तर भुलू नका. तो अरबी लिपीतले आकडे देतो.

पृष्ठांकालाही हीच कॅरेक्टर स्टाइल लावा, मास्टरवरच (सगळ्या पानांचा साचा; तुमच्या आवृत्तीत त्याचं नाव ‘पॅरेंट’).

---

तीन_लिप्या

कन्नड-तेलुगूची कामं नेहमी करतो म्हणून चार गोष्टी.

तीन विभागांच्या तीन फायली आणि त्यांवर एक ‘बुक’, हाच मार्ग. ‘फाइल’ → ‘न्यू’ → ‘बुक’, मग फायली क्रमाने जोडा : प्रारंभ, मराठी, कन्नड, तेलुगू. बुक पॅनेलमधला क्रम हाच मोजणीचा क्रम. लिस्टचं नाव चारही फायलींत अक्षरशः तेच पाहिजे. ‘सूचीक्रम’ आणि ‘सूची क्रम’ या त्याच्या लेखी दोन लिस्ट. नाव टाइप करू नका. बुक पॅनेलमध्ये मराठीच्या फाइलला ‘स्टाइल सोर्स’ करा आणि ‘सिंक्रोनाइझ’ने पाठवा.

इथेच बहुतेक जण अडकतात. सिंक्रोनाइझच्या पर्यायांत सगळ्यांवर खूण ठेवून बटण दाबलं की मराठीची ‘नोंद’ स्टाइल कन्नडच्या ‘नोंद’ स्टाइलवर बसते आणि कन्नड मजकुराला मराठी फाँट लागतो. सगळीकडे गुलाबी पट्टे. म्हणून ‘सिंक्रोनाइझ ऑप्शन्स’मध्ये फक्त ‘नंबर्ड लिस्ट्स’वर खूण ठेवा, पॅराग्राफ आणि कॅरेक्टर स्टाइल काढा. स्टाइलची नावंही वेगळी ठेवा : नोंद-मराठी, नोंद-कन्नड, नोंद-तेलुगू. तिन्हींची लिस्ट एकच, लेव्हल एकच. क्रम लिस्टवर चालतो, स्टाइलचं नाव काहीही असो. मग बुक पॅनेलमधून ‘अपडेट नंबरिंग’ → ‘अपडेट ऑल नंबर्स’. कन्नडची पहिली नोंद ११६३ आणि तेलुगूची १६५१ आली पाहिजे. मराठीत वाढ झाली की हेच पुन्हा.

दोन्ही ऑपरेटरना इनडिझाइनची तुमचीच आवृत्ती वापरायला सांगा. नव्या आवृत्तीतून आयडीएमएल (दुसऱ्या आवृत्तीतही उघडणारा फाइलचा प्रकार) करून जुन्यात आणता येतं, पण मग ओळी कुठे तुटतील याचा भरवसा नाही, पान सरकलं की पृष्ठांक सरकले.

ओळीची उंची : १२ पॉइंट मराठीला पुरते. कन्नड आणि तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग ओळीखाली लटकतो, ९ पॉइंटवर तो खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. तीन वेगवेगळ्या बेसलाइन ग्रिड (ओळी ज्यांवर बसतात त्या रेषा) ठेवल्या तर पातळ कागदावर पाठपोट ओळी जुळत नाहीत. एक तर सगळीकडे १३ करा किंवा कन्नड-तेलुगूचा आकार ८.५ वर आणा. मी आकार उतरवतो, कारण १३ केलं की मराठीचीच पाच-सहा पानं वाढतात. फाँटागणिक फरक पडतो, एक पान प्रिंट काढून भिंगातून पाहा. स्क्रीनवर हे कळत नाही. आणि कम्पोझर ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ’ नसेल तर युनिकोड तेलुगूची जोडाक्षरं सुटी पडतात, ते आधी तपासा.

आकड्यांचं : तेलुगू छपाईत आता इंग्रजी आकडेच रूढ आहेत, कन्नडमध्ये दोन्ही चालतात. पण हा अनुक्रमांक सगळ्या सूचीचा आहे, लेखकसूचीतून त्याच्याकडे यायचं आहे. त्यामुळे तीन विभागांत तीन तऱ्हेचे आकडे नकोत. देवनागरी ठरवले तर तिन्हीकडे देवनागरी. वाचणारा सोलापूरचा आहे, त्याला रोज रस्त्यावर तिन्ही दिसतात. त्याची अडचण होणार नाही, लेखकसूची बनवणाऱ्याची होईल.

---

डेमी_अष्टमांश

पाचवा आणि सहावा प्रश्न राहिलेत, आणि पानांचा हिशेब कुणीच केला नाही.

क्रमांकाची जागा : मजकूर सरकतो कारण क्रमांकानंतरचा टॅब पुढच्या उपलब्ध थांब्यावर उडी मारतो. चार आकडी क्रमांक आणि पूर्णविराम ९ पॉइंटमध्ये साधारण ८ मिमी घेतात. म्हणून लेफ्ट इंडेंट १० मिमी, फर्स्ट लाइन इंडेंट उणे १० मिमी. टॅब दोन : ८.५ मिमीवर उजवा टॅब, १० मिमीवर डावा टॅब. आता बुलेट्स अँड नंबरिंगच्या ‘नंबर’ खान्यात जो कोड आहे त्याच्या शेवटी टॅबचं चिन्ह आहे; तेच कॉपी करून कोडच्या अगदी सुरुवातीलाही चिकटवा. क्रमांक उजव्या टॅबला टेकतो, एकक एककाखाली येतं, मजकूर १० मिमीवरच राहतो. त्याच पॅनेलमधला ‘अलाइनमेंट : राइट’ वापरून पाहाल, पण त्याला जागा अपुरी असली की काहीच फरक दिसत नाही. टॅबच बरा.

५१ मिमीच्या रकान्यात १० मिमी क्रमांकाला जाणं ज्याला खटकेल त्याने फाँट अरुंद घ्यावा, इंडेंट कमी करू नये.

नोंद दोन रकान्यांत तुटू नये म्हणून स्टाइलमध्ये ‘कीप ऑप्शन्स’ → ‘कीप लाइन्स टुगेदर’ → ‘ऑल लाइन्स इन पॅराग्राफ’. विषयाच्या मथळ्याला ‘कीप विथ नेक्स्ट : २ लाइन्स’, नाहीतर मथळा रकान्याच्या तळाशी एकटा पडतो.

अक्षरी पृष्ठांक : इनडिझाइनच्या यादीत ‘पाच, सहा’ नाही, आणि येणारही नाही. आठच पानं आहेत, तेव्हा ‘सेक्शन मार्कर’ वापरा. प्रारंभ फाइलच्या मास्टरवर पृष्ठांकाच्या जागी ‘करंट पेज नंबर’ न घालता ‘टाइप’ → ‘इन्सर्ट स्पेशल कॅरेक्टर’ → ‘मार्कर्स’ → ‘सेक्शन मार्कर’ घाला. मग पेजेस पॅनेलमध्ये पाचवं पान निवडून ‘नंबरिंग अँड सेक्शन ऑप्शन्स’, ‘स्टार्ट सेक्शन’वर खूण, ‘सेक्शन मार्कर’ खान्यात ‘पाच’. सहा, सात, आठला तेच. अर्धशीर्षक, शीर्षकपान आणि श्रेयपानावर पृष्ठांक छापत नाहीत, त्यांना मास्टर ‘नन’. खान्यात अक्षरं चौकोन दिसली तरी घाबरू नका, पानावर फाँट लागला की नीट दिसतात.

मुख्य सूची पृष्ठ १ पासून : मराठी फाइलच्या पहिल्या पानावर ‘स्टार्ट पेज नंबरिंग अॅट : १’. कन्नड आणि तेलुगूवर ‘ऑटोमॅटिक पेज नंबरिंग’. बुक पॅनेलच्या ‘बुक पेज नंबरिंग ऑप्शन्स’मध्ये ‘कंटिन्यू ऑन नेक्स्ट ऑड पेज’ आणि ‘इन्सर्ट ब्लँक पेज’. विभाग उजव्या पानावरच सुरू व्हावा.

आता हिशेब. पानाला सरासरी पंधरा-सोळा नोंदी धरल्या तर मराठी ७४ पानं, कन्नड ३१, तेलुगू २७. मराठी पृष्ठ १ ते ७४. कन्नड ७५ ते १०५. १०६ डावं पान, ते कोरं जाणार. तेलुगू १०७ ते १३३. सुरुवातीची ८ मिळवली तर १४१. १८ × २३ इंचाच्या कागदावर डेमी १/८ चा १६ पानी फॉर्म (एका कागदावर पाठपोट छापून दुमडलेली पानं) बसतो, नऊ फॉर्म म्हणजे १४४. तीन पानं शिल्लक. पण लेखकसूची या हिशेबात नाही! २०७६ नोंदींची लेखकसूची तीन पानांत बसणार नाही, म्हणजे दहावा फॉर्म आलाच. ग्रंथालयाला दर देताना हे आधी सांगा. तीन पानांसाठी भांडण्यापेक्षा दहाव्या फॉर्ममध्ये लेखकसूची १९ पानांपर्यंत मोकळी बसते. दर नऊ फॉर्मचा दिलेला असेल तर मात्र तुमचं तुम्ही बघा.

१६० पानं म्हणजे सेंटर पिन नको. परफेक्ट बाइंडिंग किंवा शिलाई. आतला समास १९ मिमीच्या खाली आणू नका, डिंक लागल्यावर पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि डाव्या पानाच्या उजव्या रकान्याची अक्षरं फटीत जातात.

---

पूर्वभाग

पेजमेकर ७ मध्ये हे होईल का? आमच्याकडे अजून तेच आहे.

---

जुळारी

पृष्ठांक होईल : मास्टर पानावर टेक्स्ट टूलने क्लिक करून कंट्रोल, आल्ट आणि पी. नोंदींचे क्रमांक नाहीत. पेजमेकरचं ‘बुलेट्स अँड नंबरिंग’ हे प्लग-इन आहे, ते क्रमांक अक्षरं म्हणून टाइप करून देतं. मधे नोंद घातली की पुढचं सगळं पुन्हा. २००१ सालचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्याकडून ही अपेक्षाही चूक. जुनी फाइल वापरायची असेल तर इनडिझाइन सीएस६ पेजमेकर ६ आणि ७ च्या फायली उघडतं. तिथे उघडून आयडीएमएल करा आणि नव्यात न्या.

---

साखरपेठ_डीटीपी

बुक लावलं, कन्नड ११६३ वर आलं, तेलुगू १६५१ वर. सिंक्रोनाइझच्या आधी तीन_लिप्या यांचं वाचलं हे बरं झालं. उजवा टॅबही बसला. लेखकसूची १७ पानांची होईल असं दिसतंय, दहाव्या फॉर्मचं ग्रंथालयाशी बोललो.

दोन शेवटचे प्रश्न. पानाच्या डोक्यावर त्या पानावरचा पहिला आणि शेवटचा क्रमांक हवाय, शब्दकोशात शब्द असतो तसा. ‘रनिंग हेडर’ व्हेरिएबल लावलं तर नोंदीचा सगळा मजकूर डोक्यावर येतो, आणि क्रमांक मात्र येत नाही. दुसरं, याच ग्रंथालयाची ३००० पावत्यांची पुस्तकंही आहेत, कोरलड्रॉमध्ये नंबरिंग कसं करता?

---

डेमी_अष्टमांश

रनिंग हेडर पॅरातला टाइप केलेला मजकूर उचलतं, ऑटो क्रमांक उचलत नाही. आणि नोंदीचा सगळा मजकूर एका ओळीत चेपून दिसतो, कारण तुमच्या आवृत्तीत व्हेरिएबल दोन ओळींत तुटतच नाही. म्हणून क्रमांकाचा हट्ट सोडा आणि लेखकाचं आडनाव घ्या : नोंदीतल्या आडनावाला ‘आडनाव’ कॅरेक्टर स्टाइल लावा, व्हेरिएबल ‘रनिंग हेडर (कॅरेक्टर स्टाइल)’, डाव्या पानाच्या मास्टरवर ‘फर्स्ट ऑन पेज’ आणि उजव्यावर ‘लास्ट ऑन पेज’. वाचकाला तेच जास्त उपयोगी. क्रमांकच पाहिजे असतील तर सही झाल्यानंतरच्या, टेक्स्ट केलेल्या प्रतीत क्रमांकाला कॅरेक्टर स्टाइल लावून करता येईल. तिथे तो खरा मजकूर असतो.

पावत्या : ए४ वर तीन पावत्या धरा. तीनही जागी १, २, ३ असे ओळीने दिलेत तर कापल्यावर हजार कागदांचे तीन गठ्ठे पडतात आणि प्रत्येकात दोन-दोन क्रमांक गळालेले, मग माणसं बसवून जुळवा. कोरलच्या ‘प्रिंट मर्ज’मध्ये तीन वेगळी ‘न्यूमेरिक’ फील्ड बनवा : वरचं १ पासून, मधलं १००१ पासून, खालचं २००१ पासून. नोंदी १०००. फॉरमॅट चार आकडी ठेवा. कापल्यावर वरचा गठ्ठा, त्याखाली मधला, त्याखाली खालचा ठेवला की १ ते ३००० सलग. शंभर-शंभर मोजून तीस पुस्तकं. फाँट जुना असेल तर इथेही मराठी आकडे येतात. मशीनमध्ये कागद अडकून फाटला तर तो कागद ठेवून द्या, त्यावरचे तीन क्रमांक शेवटी वेगळे छापावे लागतात.

आणि सूचीची पीडीएफ छापखान्याला ‘पेजेस’ म्हणून द्या, ‘स्प्रेड्स’ म्हणून नाही. कडेला जाणारा रंग असेल तर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेरचा जादा रंग) ३ मिमी. जुळणी ते करतील.

---

साखरपेठ_डीटीपी

आडनावाचं ग्रंथपालांना दाखवलं, पसंत आहे. फॉर्मवार पीडीएफ मागितल्यात. प्रारंभाचं पाचवं पान आणि सूचीचं पाचवं पान यांत घोळ होईल का?

---

तीन_लिप्या

बुकमधून काढत असाल तर एक सलग १६० पानांची पीडीएफ काढा आणि तिचे १६-१६ चे तुकडे पीडीएफमध्येच करा. पहिला फॉर्म म्हणजे प्रारंभाची ८ आणि सूचीची १ ते ८, दुसरा ९ ते २४, तिसरा २५ ते ४०, असं. एकाच फाइलमध्ये दोन्ही विभाग असते तर पानांच्या खान्यात आकड्याआधी अधिकचं चिन्ह टाकायचं, +१ ते +१६ अशा अर्थाने. मग इनडिझाइन छापील पृष्ठांक न बघता सुरुवातीपासून मोजलेलं पान घेतं. तिथे आकडे इंग्रजीतच टाका, मराठी टाकले तर घेत नाही.